बालवाडीत गिरवणं कधी, मोजणं कसं? (वय 3 ते 6)

खडूफळा

प्रवेशाचा हंगाम आला की बालवाडीच्या दारात एकच प्रश्न असतो, "लिहायला कधी घेणार?" शेजारच्या शाळेतलं ज्युनिअर केजीचं मूल वहीची पानं भरतंय आणि आपलं अजून मातीतच खेळतंय, म्हणजे फी पाण्यात गेली असं वाटायला लागतं. "लहान आहेत हो, खेळू द्या" एवढ्यावर हा धागा थांबवायचा नाही. कुठल्या वयात काय, कशाने, किती वेळ आणि बिघडतं तिथे का बिघडतं, असं लिहू या. सुरुवात हातापासून करते.

मुलं बघून आकार काढायला लागतात त्याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. उभी रेघ दोनच्या आसपास, आडवी त्यानंतर, गोल तीनला, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाच-साडेपाचला. तिरपी रेघ सगळ्यात शेवटी जमते. आता ‘अ’ डोळ्यांसमोर आणा. एकावर एक दोन अर्धगोल, मधली आडवी दांडी, उभा काना, वर शिरोरेघ. प्रत्येक तुकड्याला पेन्सिलची दिशा बदलते. साडेतीन वर्षांच्या मुलापुढे ठिपक्यांचा ‘अ’ ठेवला की ते नुसते ठिपके जोडतं, आणि जोडताना खालून वर, उजवीकडून डावीकडे, जसं सुचेल तसं. कागदावरचा ‘अ’ छान दिसतो, वळण मात्र उलटं बसतं. ते पहिलीत मोडायला महिने जातात.

अक्षरांना हात घालायचा तो पाचच्या पुढे, आणि वर्णमालेच्या नव्हे तर वळणाच्या क्रमाने. जुन्या मास्तरांचा ‘ग म भ न’ याच हिशेबाने आलेला आहे: एक वळण बसलं की पुढच्या अक्षरात थोडीच भर. मग र-स, प-ष-फ, व-ब-क, ट-ठ-ढ. ‘अ’, ‘इ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ पार नंतर.

त्याआधीची दोन वर्षं हात तयार करायची. बोटांच्या चिमटीला काम हवं: मटाराच्या शेंगा सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, वाती वळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं (दोऱ्याचं टोक मेणात बुडवून कडक करून द्या, नाहीतर मूल दोन मिनिटांत कंटाळतं). मनगटासाठी उभा पृष्ठभाग लागतो. भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला फळा लावला की मनगट आपोआप मागे वळतं आणि खडू बोटांत येतो. हे चटईवर वाकून वहीत कधीच होत नाही. कात्री तीनच्या पुढे: आधी नुसते कापे, चारला सरळ रेघ, पाचच्या आसपास गोल. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्रीच हवी. उजव्या कात्रीत त्याला कापायची रेघ दिसतच नाही, आणि दोष मुलाच्या माथी येतो.

मोगरा_पुणे

छान सुरुवात. एक शंका. पेन्सिल कुठली द्यायची? दुकानात जाड, तिकोनी, रबरी पकडवाल्या अशा पन्नास प्रकार दिसतात.

खडूफळा

@मोगरा, आधी पेन्सिल नकोच. मेणखडू द्या, आणि तोही मोडून, तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा. एवढ्याशा तुकड्याला मूठ आवळता येत नाही, अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. रबरी पकडीला पैसे घालवायची गरज नाही. साडेतीन-चारपर्यंत मुठीने धरलं तर ते वयाला धरूनच आहे. बोटं हलवून लिहिणं पाचच्या आसपास येतं.

पाटी उत्तम. दगडी पाटीवर पेन्सिल किंचित अडते, त्यामुळे हाताला कळतं की आपण कुठे आहोत. गुळगुळीत पांढऱ्या बोर्डावर मार्कर सुळकन घसरतो, तिथे नियंत्रण शिकता येत नाही. फक्त मूल पाटीवरची पेन्सिल वारंवार खात असेल तर नुसतं रागावू नका, डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासा. माती-खडू खाण्यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते.

रव्याच्या ताटाचाही उपयोग होतो. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर बोट उचलताच रेघ ढासळते. ताट गडद रंगाचं असेल तर रेघ उठून दिसते.

ध्वनिवेडा

हाताचं झालं, आता कानाचं. वाचन डोळ्यांनी सुरू होतं असं आपण धरून चालतो, खरं ते कानांनी सुरू होतं. ‘कमळ’ या शब्दात तीन तुकडे आहेत हे ज्याला ऐकू येत नाही त्याला ‘क’ हे चिन्ह कशाचं, ते कळणार तरी कसं?

क्रम असा ठेवा. तीन-साडेतीनला यमक: बडबडगीतं, आणि शेवटचा शब्द मुलाने भरायचा. चारच्या आसपास टाळ्या: ‘पा-णी’ दोन, ‘बा-द-ली’ तीन, मुलाचं स्वतःचं नाव, आजीचं नाव. जोडाक्षरी शब्द आधी घेऊ नका, ‘पुस्तक’च्या टाळ्यांवर मोठ्यांचंही भांडण होतं. साडेचारला पहिला आवाज: "माझ्या पिशवीत ‘मा’ने सुरू होणारं काहीतरी आहे." मग शेवटचा. आपली गाण्याच्या भेंड्या ही शेवटच्या अक्षराचीच तालीम आहे. दिवसाला दहा मिनिटं पुरे, पण रोज.

पाचच्या पुढे चिन्हं. इथे ‘अ अननसाचा’ ते ‘ज्ञ ज्ञानेश्वराचा’ अशी सगळी वर्णमाला आधी पाठ, मग बाराखडी, मग शब्द, हा रस्ता लांबचा आहे. वर्षभर मूल एकही अर्थाचा शब्द वाचत नाही. त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एक मात्रा घेऊन लगेच शब्द. क, म, ल आणि काना एवढ्यावर किती होतं बघा: काका, मामा, लाल, काम, माल, काल, मला, कला, कमल, कमाल. "मामा, मला कमल" असं अर्धवट वाक्यसुद्धा मूल स्वतः लावतं. मग एका वेळी तीन-चार अक्षरं आणि एक मात्रा वाढवत जायची. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरगटांची ही वाट बरीच वर्षं चालवून दाखवली.

अडखळण्याची एक जागा ठरलेली: पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल तिथे थबकतं. म्हणून काना, मग दुसरी वेलांटी, मग एक मात्रा, आणि पहिली वेलांटी त्यानंतर.

आणि गोष्ट वाचून दाखवणं. एकच पुस्तक आठवडाभर. पहिल्या दिवशी सलग, दुसऱ्या दिवशी मध्ये थांबून "आता काय होईल?", तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं मुलाच्या हातात आणि गोष्ट त्याच्या तोंडून. चिऊताई-कावळ्याची गोष्ट यासाठी फार कामाची. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, अंगडं घालते, थांब, तीट लावते" या साखळीत मूल क्रम धरायला शिकतं. कोणी मधली पायरी गाळली तर तेच ओरडून सांगतं. असं ओरडलं की समजा, क्रम बसला.

रानवाट

+१. फक्त वरचं सगळं घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला धरून आहे. धारणीत घरची भाषा कोरकू, डहाणू-तलासरीला वारली, धडगावला पावरी, भामरागडला माडिया. त्या मुलाला ‘बादली’च्या टाळ्या वाजवायला लावल्या तर ते टाळ्या वाजवेल, पण शब्दाला अर्थच नसेल.

अशा अंगणवाडीत पहिले दोन-तीन महिने अक्षरं बाजूला. रोजच्या सूचना (ये, बस, हात धू, पाणी हवं का) आधी मुलाच्या भाषेत, लगेच मराठीत. सेविका बाहेरची असेल तर मदतनीस बहुधा गावचीच असते, गोष्ट तिने तिच्या भाषेत सांगायची, सेविकेने तीच चित्रं दाखवत मराठीत. वस्तू खऱ्या हव्यात: मोहाची फुलं, टोपली, कोयता (चित्रातला!). मराठीत दोन-तीन शब्दांची वाक्यं मूल स्वतःहून बोलायला लागलं की मग ध्वनींचे खेळ.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाल्या. साधनं तिथलीच: बिया, काटक्या, पानं, शिंपले. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिलं, हे माझं मत.

अंकुश_ना

चर्चा चांगली आहे, पण मुळातच एक प्रश्न. बालशिक्षणाने पुढे खरंच फरक पडतो का? की "सहा वर्षांपर्यंत 85 टक्के मेंदू तयार होतो" हे ऐकवून फी घेण्याचा धंदा आहे?

तळटीप

@अंकुश_ना, रास्त प्रश्न. ते 85 टक्के राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येच आहे, पण जाहिरातीत त्याचा अर्थ "आत्ता भरा नाहीतर दार बंद" असा केला जातो. मेंदूचा आकार पाच-सहापर्यंत मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांच्या घरात जातो हे खरं. म्हणून शिकणं तिथे संपतं, असं त्यातून निघत नाही.

पुराव्याचं बोलायचं तर तीन अभ्यास शेजारी ठेवा.

अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावी 1962 पासून पेरी प्रीस्कूल प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली 123 मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून 58 मुलांना बालवाडी. रोज अडीच तास वर्ग, आणि आठवड्याला एकदा शिक्षिका घरी जायची, दीड तास. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत विरून गेली. पण चाळिशीपर्यंत माग काढला तेव्हा त्या गटाची कमाई जास्त, अटका कमी. हेकमन या अर्थतज्ज्ञाने परतावा काढला तो वर्षाला 7 ते 10 टक्के.

जमैकात किंग्स्टनला 129 खुरटलेली मुलं, वय 9 ते 24 महिने. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायची. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी, आणि आईला त्यांच्याशी खेळायला-बोलायला शिकवणं. दोन वर्षं. वीस वर्षांनी या मुलांची कमाई इतरांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. शाळेची इमारत यात कुठेच नाही.

आणि अमेरिकेतलंच टेनेसी राज्य. तिथल्या सरकारी बालवाड्यांचा सुमारे 3000 मुलांवरचा अभ्यास, सहावीपर्यंतचे निकाल 2022 ला आले. बालवाडीला गेलेली मुलं चाचण्यांत मागे, शिस्तीच्या तक्रारी जास्त. कारणांवर वाद आहे. संपूर्ण वर्गाला एकदम शिकवणं, रांगेत उभं करण्यात-हलवण्यात जाणारा वेळ, कमी संवाद याकडे बरेच जण बोट दाखवतात.

म्हणजे "बालवाडीने फायदा होतो का?" याला एक उत्तर नाही. आत दिवसभर काय चालतं त्यावर ते आहे. वर खडूफळा आणि ध्वनिवेडा यांनी लिहिलंय त्यातलं काही घडत नसेल तर मूल घरी आजीपाशी बसलेलं बरं, असं मी तरी म्हणेन.

अंकुश_ना

धन्यवाद, हे हवं होतं. मग शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय पाहायचं? सगळीकडे भिंतीवर मिकी माउस असतो.

खडूफळा

मिकी माउसकडे दुर्लक्ष करा. 2013 च्या राष्ट्रीय बाल्यावस्था धोरणाबरोबर दर्जाची मानकं आली, त्यात 3 ते 6 वयाला 20 मुलांमागे एक मोठं माणूस, तीनच्या आतल्यांना 10 मागे एक, आणि 30 मुलांना किमान 35 चौरस मीटर खोली असं आहे. 35 चौरस मीटर म्हणजे साधारण 20 फूट बाय 19 फूट. पावलांनी मोजता येतं, लाजू नका.

मग वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहून ऐका. बोलतंय कोण? बाई एकट्याच आणि मुलं एका सुरात "येस टीचर", तर पुढची शाळा बघा. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी आहेत का? तीस मुलांनी तीस सारखीच सफरचंदं रंगवली असतील तर बाह्यरेषा छापील होती. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी खाली आहेत की कपाटावर शोभेला? संडास मुलाच्या उंचीचा आहे का, आणि कडी आतून लागते का? (लागता कामा नये.) प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेत असतील तर तिथूनच परत फिरा. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी अशी चाळणी लावायला मनाई आहे, मग त्याहून लहानांना ती कशाला?

चिंचोका

कोणी गणिताचं बोललंच नाही. "माझी मुलगी शंभरपर्यंत म्हणते" हे कौतुक ऐकलं की लगेच दोन गोष्टी करून बघा.

एक: पाच चिंचोके ओळीत ठेवून मोजायला सांगा. मोजून झाल्यावर विचारा, "किती आहेत?" पुन्हा एकपासून मोजायला लागली तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून कळलेलं नाही. दोन: ढीग पुढे ठेवून "मला चार दे" म्हणा. मूठ भरून देत असेल तर शंभरपर्यंतची यादी म्हणजे नुसतं गाणं. "चार दे" जमेपर्यंत अंक लिहून घेण्यात अर्थ नाही.

काय करायचं? पानं वाढताना माणशी एक वाटी, एक चमचा. जिने चढताना पायरीला एक आकडा. सापशिडी उत्तम, कारण फाशाचे ठिपके आणि घरं एकास एक जुळवावी लागतात. पाचपर्यंत पक्कं, मग दहा, दहाच्या पुढे घाई नको. आपल्या भाषेत अकरानंतर प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, त्यात ‘एकोणतीस’ हे तिसाच्या आधीचं आणि ‘पंचवीस’मध्ये पाच आधी बोलायचा पण दोन आधी लिहायचा. म्हणून पहिली-दुसरीत 25 चे 52 होतात. त्यावर उपाय दहाच्या जुड्या: आईस्क्रीमच्या काड्या रबराने दहा-दहा बांधा, दोन जुड्या पाच सुट्या. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण दुखणं खरं होतं.

सुरक्षेचं: बियांमध्ये गुंजा अजिबात नकोत. लाल-काळ्या दिसतात गोड, पण चावल्या गेल्या तर जिवावर बेततं. एरंडाच्या बियाही नकोत. तीनच्या आतल्या मुलापुढे सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा बारीक काहीच ठेवू नका. सुका वाटाणा किंवा हरभरा नाकात गेला तर पाणी घालू नका, फुगतो. थेट डॉक्टर. खेळण्यातला बटण सेल गिळला तर वाट बघायचीच नाही, त्याच मिनिटाला दवाखाना.

रानवाट

@खडूफळा, एकास वीस वाचून हसू आलं. बऱ्याच अंगणवाड्यांत एक सेविका, एक मदतनीस, पस्तीसच्या आसपास मुलं आणि तिन्ही वयं एकाच खोलीत. सेविकेच्या हातात पोषण ट्रॅकरचा (नोंदींच्या सरकारी ॲपचा) मोबाइल, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, आहाराचं वाटप. आहार कमी महत्त्वाचा मुळीच नाही, पुरेसे उष्मांक आणि प्रथिनं पोटात गेल्याशिवाय शिकायचं कोणी? पण मग शिकवायचं कधी?

चालतं ते असं. पूर्ण गट एकदम बसवायचा फक्त गाणं आणि गोष्ट यांसाठी, पंधरा-वीस मिनिटं. बाकी वेळ चार कोपरे: ठोकळे, भातुकली, चित्र-कात्री, पुस्तकं. मुलं कोपऱ्यांत पांगली की सेविकेने सात-आठ जणांचा एकच गट घेऊन वीस मिनिटं बसायचं, आज पाचवाल्यांचा, उद्या चारवाल्यांचा. पाच वर्षांचं मूल तीनच्या मुलाला चप्पल घालायला शिकवतं, तेही शिक्षणच. फसतं कुठे? सगळं सामान एकदम मांडलं की. कोपऱ्यात चार-पाच वस्तू, दर सोमवारी दोन बदला. आणि आवरायचं गाणं ठरलेलं हवं, नाहीतर आवराआवरीतच अर्धा तास.

मोगरा_पुणे

बोलणं उशिरा येणाऱ्या मुलांचं काय? "मुलगे उशिराच बोलतात" असं सगळे सांगतात.

ध्वनिवेडा

त्या वाक्यात वर्ष वाया जातं. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल ("दूध दे"), तीनला घराबाहेरच्या माणसाला निम्मंअधिक बोलणं कळत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल तर आधी श्रवणचाचणी. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहिलं तरी ऐकू कमी येतं, आणि ते वरून दिसत नाही. ‘र’चा ‘ल’ मात्र पाच-साडेपाचपर्यंत चालतो, त्यावरून चिडवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होते.

गुलबक्षी

अवांतर: विकतच्या क्ले ऐवजी घरी काय करता येईल? कणीक दिली तर दुसऱ्या दिवशी वास मारते.

चिंचोका

मीठ कमी पडतं म्हणून. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं. चिकट झालंच तर मैद्याची चिमूट. रंगाला हळद किंवा बिटाचा रस, रस घातला तर तेवढं पाणी कमी. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, गोळा पाझरतो, तेव्हा पुन्हा मैदा मळून घ्या. खारट असल्याने मुलं सहसा खात नाहीत, तरी तीनच्या आतल्यांवर लक्ष ठेवा, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्या तोंडी लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला बाधतं. हाताला चीर असेल तर झोंबतं, त्या दिवशी शाडू द्या.